अंगठा तुमचा होता, विहीणबाई

विहीणबाई,

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. आधी मुलांना सांगायचं टाळलं, मग लायब्ररीतल्या त्या बायकांना, आणि तुमच्याशी तर त्या विषयावर कधी तोंडच उघडलं नाही. गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. त्रिसरण-पंचशील झालं, मग एकेक जण उठून बोलला. साध्या होत्या, शांत होत्या, नातीत रमलेल्या होत्या, प्रज्ञाची आई म्हणजे कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मलाही उभं केलं. मी चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. चारही वाक्यं खरी होती, पण ती कुठल्याही विहीणबाईंना लागू पडली असती.

म्हणून हे लिहितोय, आणि मंडळाच्या अंकात छापायला देणार आहे. हॉलमध्ये होते त्या सगळ्यांनी वाचावं. तुमचं माहेर, सासर, तुमचा आजार, हे मिलिंदने कार्यक्रमाच्या कागदावर छापलंच होतं. मला फक्त अंगठ्याबद्दल बोलायचं आहे.

व्याही आणि विहीण एका छपराखाली राहतात असं आपल्याकडे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग खात्री करून घेतो. माझी कमल गेली, तुमचे यजमान गेले, आणि माझा मुलगा मिलिंद आणि तुमची मुलगी प्रज्ञा यांच्या इथल्या, परदेशातल्या, गुंगालिनच्या घरात त्यांची तीन वर्षांची मुलगी मैत्री हिला सांभाळायला आपण दोघं सहा आठवड्यांच्या अंतराने येऊन पोचलो. पहिले काही महिने आपण एका खोलीत थांबत नव्हतो. तुम्ही स्वयंपाकघरात आलात की मी गॅरेजमध्ये जायचो. मी टीव्हीसमोर बसलो की तुम्हाला कपडे वाळत घालायचे आठवायचे. चहा झाला की तुम्ही भिंतीकडे बघून म्हणायचात, “चहा झालाय.” मीही भिंतीकडे बघून म्हणायचो, “हो, घेतो.” संध्याकाळी प्रज्ञा ऑफिसमधून आली की घर बोलायला लागायचं. मिलिंद एकदा चिडून म्हणाला, “अरे, तुम्ही दोघं शेजारच्या देशांचे राजदूत आहात का?” तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. तुम्हाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पहिल्या हिवाळ्यात मी लायब्ररीत जायला लागलो तो थंडीमुळे. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा थर, आणि घरात हीटर लावायचा तर मला उगाच संकोच. लायब्ररीत ऊब फुकट होती. मंगळवारी तिथे सात-आठ म्हाताऱ्या बायका विणायला जमायच्या. त्यांच्यात बेरित होती. तिचे वडील नॉर्वेहून इकडच्या डोंगरांत धरणाच्या कामावर आले, तेव्हा ती सात वर्षांची होती. मी पाटबंधारे खात्यातला आरेखक. धरणावरून आमचं बोलणं सुरू झालं आणि तिच्या मांडीवरच्या कागदावर येऊन थांबलं. तो आलेखाचा कागद होता. काळे चौकोन, पांढरे चौकोन. तिच्या आजीच्या गावचे हातमोजे. चार बोटं एका पिशवीत आणि अंगठा वेगळा, पाठीवर आठ पाकळ्यांचं फूल, तळव्यावर बारीक चौकड्या. पस्तीस वर्षं मी असल्याच कागदावर जगलो. मी तिला म्हणालो, हे मला वाचता येतं. ती म्हणाली, “देन सिट डाउन, मेट.”

घरी मी सुया आणि लोकर घेऊन आलो तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल. “व्याहीबुवा, पेन्शन पुरत नाही का?” तुमच्या ‘बुवा’त नेहमी एक चिमटा असायचा.

पहिली जोडी मी तीन महिन्यांत विणली. आलेखातला एकही चौकोन चुकवला नाही. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांना दाखवली. मिलिंद वाहवा म्हणाला, प्रज्ञाने फोटो काढला. तुम्ही जवळ आलात, दोन्ही मोजे पालथे केले, सुलटे केले आणि विचारलंत, “हे कोणासाठी?”

“का?”

“नाही, ज्याचे दोन्ही हात उजवे आहेत असा माणूस इथं भेटला काय तुम्हाला?”

अंगठ्याची जागा दोन्ही मोज्यांना एकाच बाजूला होती. डाव्यासाठी ती पलटायची असते, हे विणणाऱ्या पोरींनाही ठाऊक असतं. मी मात्र कागद जसाच्या तसा दोनदा उतरवला होता. मिलिंद सोफ्यावर लोळून हसला. मीही हसलो, पण मनात ते लागलं, आणि पुढे जे झालं त्यात त्या लागण्याचाही वाटा आहे.

ज्यांनी कधी विणलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा मोजा बोटांच्या टोकापर्यंत पुरा होतो तेव्हा त्याला अंगठा नसतो. अंगठ्याच्या जागी दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने तेरा टाक्यांची एक आडवी ओळ विणून ठेवलेली असते. सगळ्यात शेवटी तो दोरा उसवून काढायचा. काढला की तिथे तोंड उघडतं. खालच्या ओठाला मोकळे टाके, वरच्या ओठाला मोकळे टाके. ते सुयांवर उचलायचे आणि त्या तोंडातून अंगठा गोल गोल वर विणत न्यायचा. एक टाका निसटला तर खाली पार मनगटापर्यंत उसवत जायची भीती. त्यात दोन अडचणी. एक म्हणजे तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत भोक राहतं, आणि वारा नेमका तिथूनच शिरतो. दुसरी त्याहून अवघड. अंगठा चपटा करून तळव्यावर ठेवला की त्याच्या चौकड्या तळव्याच्या चौकड्यांत मिसळून जायला हव्यात, अंगठा आहे हे कळूच नये. पण वरच्या ओठाचे टाके उलट्या दिशेने उचललेले असतात. ते खालच्या टाक्यांपेक्षा अर्ध्या टाक्याने सरकलेले असतात. मी कागदावर गणित मांडून पाहिलं होतं. अर्धा टाका विणता येत नाही, म्हणून नक्षी पूर्ण जुळणं शक्य नाही. बेरितचीही कुठे ना कुठे तुटायची, आणि ती त्याबद्दल कुरकुरायची.

एका दुपारी मी कोपऱ्यातल्या भोकाला वैतागून मोजा टेबलावर टाकला. मैत्री बालवाडीत होती. तुम्ही समोर मटार सोलत होतात. बराच वेळ तुम्ही बघितलंत, मग हात धुऊन, पुसून आलात.

“बघू. कुठं फाटलंय?”

“फाटलेलं नाही. मुद्दाम उघडलंय.”

“म्हणजे तेच की जी.”

मला तेव्हा माहीत नव्हतं. अमरावतीला तुमच्या यजमानांची लाँड्री होती एवढंच ऐकलं होतं. त्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून तुम्ही तीस वर्षं रफू केला होतात, हे मला त्या दुपारी कळलं. लग्नाचे सूट, काश्मिरी शाली, वकिलांचे काळे कोट. निखारा पडलेला, उंदराने कुरतडलेला, खिळ्यात अडकून चिरलेला कपडा तुमच्यासमोर यायचा आणि जायचा तेव्हा त्याच्या मालकालाही जागा सापडायची नाही.

तुम्ही मोजा आधी उलटा केलात. मी कधीच आतली बाजू पाहत नसे. आतल्या सैल धाग्यांवरून तुम्ही नखाने अंदाज घेतलात, डोळे जवळजवळ मिटून. मी आलेख पुढे सरकवला आणि टाके सांगायला लागलो. “आकडे नका सांगू, माझं लक्ष जातं.” तुम्ही दोरा एका ओढीत काढलात. टाके जिथल्या तिथे उभे राहिले, दचकलेच नाहीत. कोपऱ्यात तुम्ही वरचा धागा उचलला नाहीत. सुई खोल घालून, मी कधी पाहिलाही नव्हता असा एक आतला धागा वर आणलात, त्याला पीळ दिलात आणि कोपरा मिटला. मग तीन फेऱ्या विणायच्या, अंगठा तळव्यावर दाबून बघायचा, एक फेरी उसवायची, पुन्हा विणायची. कागदाकडे एकदाही पाहिलं नाहीत. तळव्याकडे बघत होतात, खिडकीतल्या उन्हात धरून.

मैत्रीला आणायची वेळ झाली तेव्हा अंगठा झाला होता. तुम्ही तो तळव्यावर ठेवलात, वरून हात फिरवलात, आणि अंगठा नाहीसा झाला.

विहीणबाई, मी आयुष्यभर नकाशे जोडले आहेत. दोन कागदांवरची नदी जिथे जुळत नाही तिथे आम्ही एक तुटक रेघ मारायचो, वर ‘जोडरेषा’ असं लिहायचो आणि मोकळे व्हायचो. सगळं खातं असंच चालतं. तुमच्या अंगठ्याला जोडरेषा नव्हती. मी चष्मा काढून पाहिलं, भिंग आणून पाहिलं. काळी चौकट तळव्यावरून निघून अंगठ्यावर चढत होती आणि पलीकडे उतरत होती, मध्ये काही घडलंच नाही अशी. मी म्हणालो, “अर्धा टाका कुठे गेला?”

“जाईल कुठं? आहे की.”

“कुठे?”

“शोधा.”

तो वाद आपण पुढे किती वर्षं चालवला! दर जोडीला मी शोधायचो, दर जोडीला हरायचो. मैत्री शाळेतून आली की मोजा हातात घालायची, अंगठा तळव्यावर दाबायची आणि ओरडायची, “आजी, व्हेअर डिड द थंब गो?” तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणायचात, “अमरावतीला गेला.”

तिथून आपल्या घरातली भिंतीशी बोलायची पद्धत संपली. दुपारी टेबलाच्या एका बाजूला मी फुलं विणायचो, दुसऱ्या बाजूला तुम्ही अंगठे. मी धागा फार ओढतो म्हणून तुम्ही रागवायचात. “मोजा विणताय की मुस्कटदाबी करताय?” मी तुम्हाला आलेख वाचायला शिकवायला बघायचो, तुम्ही जांभई द्यायचात. इतकी वर्षं झाली, पण कमल गेल्यानंतर माझ्या हातून काही चांगलं घडतंय असं मला त्या टेबलावरच वाटलं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तेही सांगितलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर बेरितने मला जवळच्या एका गावच्या शोमध्ये, म्हणजे प्रदर्शनात, जोडी ठेवायला सांगितलं. मेंढ्या, भोपळे, केक आणि एका शेडमध्ये विणकाम. मिलिंद लॅपटॉपवर फॉर्म भरत होता. त्याने विचारलं, “बाबा, आईंचं नाव पण टाकू का? त्या मदत करतात ना?” तुम्ही आत मैत्रीची वेणी घालत होतात.

मी म्हणालो, “कशाला? मोजा माझाच आहे.”

जोडीला पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. सोबत परीक्षक बाईंनी हाताने लिहिलेलं कार्ड होतं. फुलाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. लिहिलं होतं की या मोज्यांचा अंगठा पाहा, मी असा अंगठा याआधी पाहिलेला नाही. ते कार्ड मी घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मंडळाच्या ग्रुपवर फोटो गेला. काका कमाल, काका ग्रेट, एवढ्या वयात. तुम्ही म्हणालात, “अभिनंदन, व्याहीबुवा,” आणि तुमच्या आवाजात त्या वेळी चिमटा नव्हता. खरंच आनंद होता. तुमचा अंगठा कुणीतरी ओळखला होता, मग नाव कुणाचंही असो. मला वाटतं, तोवर तुम्ही माफ करायला तयार होतात.

मग तो मंगळवार. बेरितने फितीच्या निमित्ताने चहा ठेवला होता आणि घरच्यांना आणा म्हणाली होती. मुलं कामावर, म्हणून तुम्ही आलात. निळी शाल, डब्यात चकल्या. बायकांनी चकल्यांचा फडशा पाडला. तुम्ही माझ्या शेजारी बसून लोकरीचा गुंडा करत होतात, हात रिकामे ठेवायची तुम्हाला सवयच नव्हती. बेरितने मोजा टेबलावर पसरला, अंगठ्यावर बोट ठेवलं आणि तुमच्याकडे वळून विचारलं, “अँड यू, डिअर? डू यू निट टू?”

तुम्ही मान वर केलीत. तुमचं तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. तुम्हाला इंग्रजी येत होतं, गिऱ्हाइकांशी आणि नातीशी बोलण्याइतकं पुष्कळ येत होतं, आणि उत्तर ओठांवर आलं होतं.

मी आधी बोललो. “नो, नो. शी ओन्ली वाइंड्स द वूल.”

नाही, नाही, ही नुसती लोकर गुंडाळते. मी ते हसत म्हणालो, म्हणून बायकाही हसल्या. कुणीतरी म्हणालं, असं एक माणूस प्रत्येकीला हवं. तुमचं तोंड मिटलं. तुम्ही गुंडा करत राहिलात, आणि तो गुंडा शेवटपर्यंत एकसारखा गोल झाला.

घरापर्यंत बारा मिनिटांचा रस्ता. लाइट रेलचं स्टेशन ओलांडून आपण चौकात आलो तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात. “तुमचं इंग्रजी चांगलं आहे, व्याहीबुवा.”

मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो की मी ते अब्रूसाठी केलं. एक विधुर, एक विधवा, तेही व्याही-विहीण, दुपारभर एका मोज्यावर मान घालून बसतात हे मंडळात कळलं तर लोक काय बोलतील, प्रज्ञाला काय वाटेल. हे कारण खोटं नाही, पण ते मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात मंडळ नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या तरी धरणाचे नकाशे मी काढले आणि कोपऱ्यात सही साहेबांची असायची. पहिल्यांदा माझ्या नावाची फीत आली होती. ती मला वाटून घ्यायची नव्हती. माझ्या कामावर साहेबांनी केली तशीच सही मी तुमच्या कामावर केली, आणि हे मला करताना कळत होतं.

मला वाटलं, संपलं. आता अंगठा मिळायचा नाही. पुढचा मोजा पुरा करून मी टोपलीत ठेवला आणि तुम्हाला काही म्हणालो नाही, म्हणायला तोंडच नव्हतं. दोन दिवसांनी बघतो तर अंगठा झालेला. आधीच्यापेक्षा सरस. रागाने विणलेला असता तर टाके आवळलेले दिसले असते. मी आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. एकही टाका आवळलेला नव्हता. हे मला आजही कळत नाही. मी स्वतः जरा चिडलेला असलो की माझी ओळच्या ओळ आखडते. तुम्ही त्या अपमानानंतर बसून एवढे सैल, एवढे शांत टाके कसे घातलेत? मी ते तासभर हातात धरून बसलो होतो. माणसाच्या हाताला इतकं मोठं होता येतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात जेवताना प्रज्ञाने विचारलं होतं, “आई, अंगठा तू करतेस ना गं?” मी भाकरीचा तुकडा ताटात तसाच धरून ठेवला. तुम्ही वाढता वाढता म्हणालात, “मी काय, मी नुसती लोकर गुंडाळते.” आणि मला विचारलंत, “भाजी देऊ?” तुम्ही मला वाचवलंत, आणि माझंच वाक्य मला वाढलंत. मी भाजी घेतली.

लायब्ररीत मात्र तुम्ही पुन्हा आला नाहीत. तिकडे बायका माझ्या मागे लागल्या होत्या. अंगठा शिकवा. कोपरा कसा मिटवता ते दाखवा. मी सांधेदुखी सांगितली, डोळे सांगितले, एकदा तर म्हणालो की ही आमच्या देशातली पद्धत आहे, शब्दांत सांगता येत नाही. बेरितची नजर कमी होत चालली होती. ती म्हणायची, आजीच्या गावचा अंगठा एकदा तरी नीट जुळवून मग सुया ठेवीन.

आणि आता ते सांगतो ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका दुपारी मी सहज बोललो, त्या बायका कोपऱ्याबद्दल फार विचारतात. तुम्ही खिडकीशी बसला होतात. त्या खिडकीतून बंद गॅरेजांची एक रांग दिसते आणि दिवसभर एक माणूस जात नाही. काही दिवसांपूर्वीच तुम्ही म्हणाला होतात, “अमरावतीला सकाळपासून कोणी ना कोणी फाटकं घेऊन यायचं. इथं फाटलं की फेकतात. मला कोणी काही आणून देत नाही.” मी बायकांचं सांगितलं तशा तुम्ही एकदम उठून उभ्या राहिलात. चेहरा उजळला होता. म्हणालात, “मग मला घेऊन चला. मी दाखवते. त्यांना म्हणावं, आपापला मोजा घेऊन बसा.”

तुम्ही फितीचं काही बोलला नाहीत. कुणी विणलं, कुणी गुंडाळलं, काही नाही. फक्त दाखवते म्हणालात.

मी म्हणालो, “बघू.”

दोन मंगळवार तुम्ही न्याहारीनंतर शाल घेऊन बसलात. मी एकटाच निघालो. तिसऱ्या मंगळवारी शाल कपाटात होती.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात दुपारची पाळी माझी असायची. एके दिवशी तुम्ही चांगल्या जाग्या होतात. मिलिंद नव्हता, प्रज्ञा नव्हती, नर्सही येऊन गेली होती. मी वाक्य तयार करून नेलं होतं. खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, “विहीणबाई, त्या दिवशी लायब्ररीत…” तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि थांबलात. वाट बघत होतात. मला कुणी अडवलं नाही, कुणी आत आलं नाही. आणि मी म्हणालो, “त्या अर्ध्या टाक्याचं तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

तुम्ही चादरीची एक घडी चिमटीत धरलीत आणि मला दाखवलंत. आवाज बारीक झाला होता. “अर्धा एका जागी लपत नाही, व्याहीबुवा. मी पण आधी तेच करायची. तो सगळ्यांना वाटून द्यायचा. पहिल्या तीन फेऱ्यांत, एकेका टाक्याला कणभर. कोणालाच जास्त झालं नाही पाहिजे.” बोटं चादरीवर चालत होती, सुई नसताना. “हाताला कळतं. तुम्ही ओढू नका म्हणजे झालं.”

माफी ऐकायची तयारी केलेल्या माणसाला मी धडा विचारला, आणि तुम्ही धडा दिलात.

परवा मंगळवारी मी लायब्ररीत गेलो. सगळे बसल्यावर मोजा टेबलावर ठेवून सांगितलं. माझं चांगलं इंग्रजी वापरून, काही न गाळता. अंगठे माझे नव्हते. त्या दिवशी इथे चकल्या घेऊन आलेल्या बाईंचे होते, त्या माझ्या सुनेच्या आई, आणि त्या आता नाहीत. सुया थांबल्या होत्या. बेरितने टेबल चाचपून मोजा शोधला, हात आत घातला आणि अंगठा मिटवून बघितला.

“कुठे राहायच्या त्या?” तिने विचारलं.

“आमच्याच घरी.”

“म्हणजे कुठे?”

“इथून बारा मिनिटं. चालत.”

“सगळी वर्षं?”

“हो.”

तिने मोजा काढून नीट टेबलावर ठेवला. “मी चालत गेले असते,” ती म्हणाली. “आम्ही सगळ्याच गेलो असतो.” मग तिने तुमचं नाव विचारलं. सहा वर्षांत मी तिला ते सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, सुशीला. एकेकीने ते नीट जमेपर्यंत म्हणून पाहिलं.

विहीणबाई, तुमचं काम मी माझ्या नावावर लावलं, ही चोरी मी मंडळाच्या अंकात सगळ्यांसमोर कबूल करतोय. फितीखालचं नाव उद्या बदलेन. पण टेबलाभोवती आठ बायका तुमच्या हाताकडे बघायला तयार बसल्या होत्या, आणि तुम्ही इकडे बंद गॅरेजांकडे बघत होतात, आणि मध्ये मी उभा होतो. ते बदलायला आता काही उरलं नाही. तुम्ही शाल घेऊन तयार बसला होतात, आणि मी तुम्हाला नेलं नाही. मला माफ करा.